तिन्ही मापं बरोबर आहेत

२ फेब्रुवारी

दादा,

काय झालं ते क्रमानं लिहिते.

१. सोमवारी सकाळी पावणेआठला आई बेसिनपाशी हात धूत होती. तिच्या बोटातली अंगठी निसटली आणि पाण्याबरोबर खाली गेली.

२. बेसिनखालचा वाकडा पाइप मी पान्यानं उघडला. त्यात दोन केसपिना आणि शर्टाचं एक बटण निघालं. अंगठी निघाली नाही.

३. बाहेरच्या जाळीपर्यंत पाहिलं. तिथंही नाही.

४. आई म्हणाली, "जाऊ दे." तेव्हापासून ती अंगठ्यानं त्या बोटाचं मूळ चोळत असते. बहुधा तिला स्वतःला ते कळत नाही.

५. मला तिच्यासाठी तशीच हिरव्या खड्याची अंगठी करून घ्यायची आहे. माझ्याकडे पाऊण महिन्याचा पगार शिल्लक आहे. त्याहून जास्त नाही.

६. खडे बसवणारा माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे. तो सात वर्षं घरी आलेला नाही.

७. तुला लिहायचंच झालं तर "आई बरी आहे" एवढंच लिही, असं तिनं सांगितलं आहे. तसं वचन घेतलं आहे. त्याप्रमाणे लिहिलं.

जमेल का, आणि किती दिवस लागतील, ते कळव.

धाकटी


९ फेब्रुवारी

दशांशबाई,

सात वर्षांनी पत्र, आणि तेही मुद्देसूद! पुढच्या वेळी खाली तुमच्या कारखान्याचा शिक्का मारून पाठव, म्हणजे फाइलला लावता येईल.

करतो. न करून सांगतो कुणाला. पण ती अंगठी निसटली यावर माझा विश्वास बसत नाही. ती साबण लावूनसुद्धा निघायची नाही. तिचा खडा माझ्या डाव्या गालावर दोन दिवस उमटलेला होता, त्यामुळे तिचा आकार मला तुझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. लंबगोल, सात बाय पाच. वयानं बोटं सुकतात म्हणतात, तसं काही असेल.

"आई बरी आहे, एवढंच लिही." म्हणजे अजून रागावलेली आहे. मुद्दा क्रमांक सात पोचला.

आता पैशांचं. तुझ्या पाऊण पगारात पाचू घ्यायचा तर तो शिंकलीस तर उडून जाईल एवढा मिळेल. शिवाय पाचू ठिसूळ, बादलीच्या कडीवर आपटला की कोपरा गेला. पेरिडॉट स्वस्त पडतो, पण तो पिवळट आणि रोजच्या वापराला मऊ. हिरवी तुरमली घेऊ. टणक असते, रंग खोल असतो, आणि तिच्या नावाचा गाजावाजा नसल्यानं भाव माणसांतला असतो. सोनं विसर. चांदीत करतो. खडा उचलून धरणारे दाते नकोत, चारी बाजूंनी पट्टी वळवून बंद कोंदण करतो, म्हणजे कपड्यात अडकणार नाही.

माप पाठव. एकदा मोजून भागायचं नाही. बाबा सांगायचे ते आठवतं ना, तीन वेळा मोजायचं आणि मधलं धरायचं. दर पत्रात एकेक पाठव.

इथला फोन गल्ल्यावर आहे, मालकाच्या कोपराशी. घरचं काही त्यावर बोलता येत नाही. पत्रच लिही.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

माप: १७.४ मिलिमीटर, आतला व्यास, डाव्या हाताचं तिसरं बोट, मुळाशी. तारीख आज, वेळ सकाळी दहा. मोजण्याची पद्धत: लेथवरच्या उरलेल्या पितळेतून मी साधी कडी कापून घेतली आहेत, ०.२ च्या पायऱ्यांनी. जे कडं मुळाशी नीट बसतं आणि त्याच्या पुढचं लहान बसत नाही, ते माप. संध्याकाळी बोटं सुजतात म्हणून दर वेळी सकाळी दहालाच मोजेन. कडी कारखान्यात आमच्या गेजखोलीत, जिथं मोजायची साधनं पडताळतात, तपासून घेतली आहेत. तिथं वर्षभर वीस अंश तापमान असतं, त्यामुळे त्यात शंकेला जागा नाही.

आणखी दोन अटी. वजन तीन ग्रॅमच्या आत हवं. आणि आतल्या कडा पूर्ण गोल कर, कुठंही बोचता कामा नये. तिची त्वचा लवकर लाल होते.

आईला सांगणं भाग होतं, कारण ती विचारत होती. संभाषण असं झालं:

"कोण करतंय अंगठी?"

"ओळखीचा कारागीर आहे."

"ओळखीचा म्हणजे जेवायच्या टेबलावर भिंग काढणारा का?"

मी हो म्हटलं. ती उठून खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "त्याला सांग, काच बसव. होती तशी. खरं मला नको."

निरोप जसाच्या तसा दिला आहे.

धाकटी


१ मार्च

दशांशबाई,

काच मी बसवणार नाही. तिला सांग, दुकानात काच ठेवत नाहीत. खोटं वाटलं तर मालकाचं नाव सांग, त्याच्या नावावर पुष्कळ खोटं खपतं.

तू त्या दिवशी दारात उभी होतीस, म्हणून तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो. मी चोवीस वर्षांचा होतो. पहिलं स्वतःचं भिंग घेतलं होतं, दिसेल त्या वस्तूवर लावत होतो. काका-काकू जेवायला आले होते. आईनं भाजीचं भांडं ठेवलं, मी तिचा हात धरला, भिंग लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "बाबा, तुम्हाला फसवलं. आत गोल बुडबुडे आहेत, ही काच आहे." मला वाटलं होतं, मुलगा किती शिकला म्हणून ते खूश होतील. बाबांनी घास ठेवला आणि हात धुवायला उठले. बाकीचं माझ्या गालावर लिहिलं गेलं. आठ महिन्यांनी बाबा गेले, आणि आई मला म्हणाली, "आता खरंखोटं बघायला लोकांच्या घरी जा." गेलो.

तर काच नाही. सोबत तीन पुड्या पाठवतोय, तिन्हीत हिरवी तुरमली आहे, तिन्ही तुझ्या बजेटात आहेत. तिला दिवसा खिडकीपाशी बसवून निवडू दे. बल्बच्या उजेडात तुरमली काळी पडते.

वजन तीन ग्रॅम? कडा गोल? लाल होते? सात वर्षांत आईचे नखरे वाढलेले दिसतात. करतो. दुसरं माप पाठव.

दादा


१४ मार्च

दादा,

माप: १६.६. तारीख आज, वेळ सकाळी दहा, पद्धत तीच, कडी तीच.

आईनं दुसऱ्या पुडीतला खडा निवडला. सकाळी अकरा ते पावणेबारा ती खिडकीपाशी बसली होती. त्याआधी तिनं स्वतःचा चहा स्वतः करून घेतला. पहिला खडा तिला "शाळेच्या फळ्यासारखा" वाटला आणि तिसरा "औषधाच्या बाटलीसारखा". दुसरा तळहातावर ठेवून तिनं मूठ मिटली. तिन्ही खडे सोबत परत पाठवत आहे, निवडलेल्याच्या पुडीवर खूण केली आहे.

मग ती आपणहून बोलली. ते तुला कळवू नको असं तिनं म्हटलेलं नाही, म्हणून कळवते.

"यांच्या डोळ्याला रोज दहा तास भिंग असायचं," ती म्हणाली. "घड्याळातला केसाएवढा स्प्रिंग दिसायचा माणसाला. बोटातला बुडबुडा दिसला नसेल? पहिल्याच वर्षी दिसला. येऊन मला म्हणाले, अगं, मी फसलो. पडलेलं तोंड घेऊन बसले होते. मी म्हटलं, मला आवडलीय, मी काढणार नाही, आणि हे आपल्या दोघांतच राहू दे. बत्तीस वर्षं राहिलं. यांनी दर दिवाणखान्यात मान वर करून सांगितलं, बायकोला पाचू घातलाय, आणि मी हात पुढे केला. ती आमची गंमत होती. या शहाण्यानं ती काकूच्या ताटात नेऊन वाढली."

मी विचारलं, हे दादाला कधी सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "त्यानं विचारलं का कधी? त्याला दिसलं की झालं."

धाकटी


२२ मार्च

दशांशबाई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कामात दोनदा कोंदणाची पट्टी कापली ती आखूड कापली. मालक म्हणाला, प्रेमात पडलास का. म्हटलं, हो, पडलो, खूप उशिरा.

सात वर्षं मी समजत होतो की मी बाबांना खरं सांगितलं आणि त्या खऱ्याचा त्यांना धक्का बसला. त्यांना माहीत होतं! मी काय सांगितलं मग? काहीच नाही. नुसतं काकांसमोर त्यांना उघडं पाडलं.

मी आईला लिहू का? काय लिहू ते सुचत नाही. अंगठी चांगली करतो. ती बघेल, मग लिहितो. आधी शब्द पाठवले तर ती म्हणेल, आला परत बोलायला.

आता भांडतो, म्हणजे हात चालेल. सतरा पूर्णांक चार आणि सोळा पूर्णांक सहा? आठ दशांशांचा फरक? पगार कशाचा घेतेस गं तू? इथं गल्लीतला चांभार पाय दोरीनं मोजतो, तो एवढी चूक करत नाही. वीस अंशांच्या खोलीतून बाहेर येऊन नीट मोज आणि तिसरं माप पाठव. तेच शेवटचं.

दादा


२ एप्रिल

दादा,

माप: १५.८. सकाळी दहा. पद्धत तीच, कडी तीच. आज मी प्रत्येक कडं दोनदा घालून पाहिलं.

माझी मोजण्यात चूक नाही. तिन्ही मापं बरोबर आहेत. कृपया ती एकाखाली एक, तारखांसह लिहून बघ.

आई म्हणते, घाई करायला सांग. मीही तेच सांगते.

धाकटी


७ एप्रिल

दशांशबाई,

अंगठी आजच्या टपालानं निघाली.

तुझी तिन्ही मापं घेऊन बसलो. रागावू नकोस, आईचा हात आपल्या लहानपणापासून हलतो, तू कडं घालताना ती "झालं का, झालं का" करत असणार, मला माहीत आहे. बाबांच्या पद्धतीनं मधलं धरलं, १६.६. खात्रीसाठी सरासरीही काढली, तर तीही १६.६ आली! दोन्हीकडून एकच आकडा, म्हणजे खरं माप तेच. बाबा असते तर पाठ थोपटली असती. वजन दोन पूर्णांक आठ ग्रॅम. कडा जिभेनं चाचपून बघितल्यात.

घाई करायला सांग, असं ती म्हणाली हे वाचून बरं वाटलं. म्हणजे तिला हवीय.

उद्यापासून मी बाहेरगावी आहे. मालकाचा माल चार दुकानांत पोचवायचा आहे, अठराला परत येईन. आल्याबरोबर तिचं काय म्हणणं आहे ते पत्र माझ्या बाकावर पडलेलं असू दे. शिव्या असतील तरी चालतील, फक्त तू सुधारून लिहू नकोस. मग मी रजा मागतो. या वेळी विचारून येईन: येऊ का?

दादा


१६ एप्रिल

दादा,

तू हे अठराला वाचशील. बाकापाशी उभ्यानं वाचू नकोस. बस.

आई रविवारी, तेरा तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेली.

तिला जठराचा कर्करोग होता. अठरा जानेवारीला कळलं. डॉक्टरांनी तीन ते पाच महिने सांगितले होते, पंच्याऐंशी दिवस मिळाले. तुला कळवायचं नाही असं तिनं त्याच दिवशी वदवून घेतलं. तिचं म्हणणं असं होतं की तू आजारपणासाठी आलास तर ते येणं धरता येणार नाही. तू तिच्यासाठी यायला हवास. मी वाद घातला नाही. वाद घालायला हवा होता.

मी वचन अक्षरशः पाळलं आणि मापं पाठवत राहिले. १७.४, १६.६, १५.८. मी रोज मोजमापं लिहिते, आणि आमच्या खोलीत तीन आकडे एका दिशेनं सरकले तर कुणी सरासरी काढत नाही. यंत्र थांबवतात आणि धावत जातात. मला वाटलं, तूही तसंच वाचशील. तू कारागीर आहेस. तुझ्याकडे न हलणारा खडा आणि न हलणारं बोट येतं, आणि आकडा हलला की मोजणाऱ्याचा हात हलला असं तू धरतोस. हे मला ठाऊक असायला हवं होतं. एक साधं वाक्य लिहिलं असतं तर पुरलं असतं. ते मी लिहिलं नाही.

अंगठी दहा तारखेला दुपारी आली. मी आधी कडी घालून पाहिली, माप १५.० झालं होतं. अंगठी सांध्यावरून सहज उतरली आणि मुळाशी गोल फिरली. मी मागच्या बाजूला पांढरा दोरा गुंडाळला, सदतीस वेढे. तेव्हा थांबली.

आईनं उशी उंच करायला सांगितली. हात खिडकीकडे धरला. तो धरून ठेवायला मी कोपराला आधार दिला. ती म्हणाली, "याच्यात केस पडलाय बघ."

मी म्हटलं, "तो खड्यातलाच आहे. खऱ्या खड्यात असं असतं."

"म्हणजे काच नाही?"

"नाही."

"मी काच सांगितली होती."

"त्यानं ऐकलं नाही."

ती हसली. हसताना तिला दुखायचं, तरी हसली. "बापावर गेलाय. पाठवताना काही म्हणाला का? खरा आहे, अमुक आहे, तमुक आहे?"

तुझं पत्र मी पुन्हा पाहिलं. त्यात खड्याबद्दल एक शब्द नव्हता. मी तसं सांगितलं.

"बघ," ती म्हणाली. "या वेळी गप्प बसून दिला."

थोड्या वेळानं तिनं बोट हलवलं, दोरा दिसला. "केवढी सैल केलीय. त्याला वाटतंय, मी अजून तेवढी आहे." मी म्हटलं, परत पाठवून लहान करून घेते. ती म्हणाली, "नको. त्याला तसंच वाटू दे."

यानंतर तिचं बोलणं फार थोडं झालं, आणि त्यात तुझ्यासाठी निरोप नव्हता. असता तर मी सुधारून लिहिला नसता.

"येऊ का?" हे तुझं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. शुक्रवारी सकाळी, अकरा तारखेला. तिनं डोळे मिटले होते, पण ती जागी होती. ती म्हणाली, "हे विचारतात होय?" आणि मान हलवली. ती मान "हो"ची होती. मी बाजूलाच बसले होते, मला स्पष्ट दिसलं. त्यात चूक नाही.

त्याच दिवशी साडेदहाला मी तुझ्या दुकानात फोन केला. तू बाहेरगावी आहेस हे माहीत असून केला. मालकानं उचलला. म्हणाला, "तो फिरतीवर आहे, काय निरोप देऊ? पुढच्या दुकानात फोन करून सांगतो." मी म्हटलं, "काही नाही, नंतर करते." घरचं त्या फोनवर बोलता येत नाही, असं तू लिहिलं होतंस, आणि मी ते नियमासारखं पाळलं. शनिवारी पुन्हा नंबर फिरवला आणि तो उचलायच्या आत ठेवला. शुक्रवारी सांगितलं असतं तर तू शनिवारी पोचला असतास. मी गाड्यांच्या वेळा नंतर पाहिल्या. संध्याकाळी साडेसहाला पोचला असतास. तिचे चौदा तास चाळीस मिनिटं उरले होते. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून लिहिलं.

तुझा खडा माझ्या बजेटात येत नाही. मी इथं दोघांकडे चौकशी केली. उरलेले तू घातलेस. त्याबद्दल मी भांडणार नाही.

अंगठी माझ्याकडे आहे. दोरा काढलेला नाही. १६.६ हे चौदा मार्चचं माप आहे. त्या दिवशी ती खिडकीपाशी पाऊण तास बसली होती, तिनं स्वतः चहा केला होता आणि तुझ्या खड्यांना नावं ठेवली होती. तू अंगठी केलीस ती त्या दिवशीच्या आईला बरोबर बसते. दशांशाचाही फरक नाही. मी हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मोजलेलं आहे म्हणून लिहिते.

तिचं कपाट मी उघडलेलं नाही. बाबांचं भिंग तिच्या साड्यांखाली आहे, ते तुला द्यायचं असं ती पूर्वी कधीतरी म्हणाली होती. कपाट मी एकटी उघडणार नाही. घराच्या किल्ल्या मला महिनाअखेरीस घरमालकाला परत द्यायच्या आहेत.

तू येतोस की नाही, ते गुरुवार, चोवीस तारखेपर्यंत कळव. दुकानातल्या फोनवरून कळवलंस तरी चालेल.

धाकटी